खडकमाळाची लांडगीण

कारभारीला फोन करून झाल्यावर रामकिसनच्या लक्षात आलं, की ती शेळी आपल्याच घरची आहे.

तोवर त्याची नजर लांडगिणीवरून हललीच नव्हती. खडकमाळाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात ती कुशीवर पडली होती. तोंडाशी फेस वाळलेला, पुढच्या पायांनी वाळू उकरून खड्डा पडलेला. डाव्या कानाला जुनी चीर होती, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. तीन हिवाळे तो तिला लांबून बघत आला होता. आज पहिल्यांदा खाली बसून त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. केस त्याला वाटले होते त्यापेक्षा राठ होते. पोटाखालचे सड तटतटलेले होते आणि एकातून गळालेलं दूध वाळूत सुकून गेलं होतं.

पंधरा-वीस पावलांवर फकिरा धनगराचं काळं कुत्रं मरून पडलं होतं. त्याच्या पलीकडे दोन कावळे आणि एक घार. या सगळ्यांच्या मधोमध फाडलेली शेळी. तिच्या अंगाला कपाशीवर मारायच्या औषधाचा वास येत होता, छातीत जाऊन बसणारा.

"काका, कशाला हात लावू नका," वनरक्षक कारभारी फोनवर म्हणाला होता. "साहेबांना घेऊन निघतोच. अकरापर्यंत पोचतो."

फोन खिशात टाकून रामकिसननं शेळीच्या मुंडक्याकडे नीट पाहिलं. पांढरे कान, कपाळावर तपकिरी ठिपका. चांदणी. आठ दिवसांपूर्वी लांडग्यांनी वहिनींच्या काटेरी कुंपणाच्या वाडग्यात शिरून सहा शेळ्या एका रात्रीत पाडल्या होत्या. सातवी ही. नरड्याला दात लागूनही पाच दिवस तगली आणि परवा मेली. ती पुरली, असंच घरात सगळे धरून चालले होते.

तो तिथंच दगडावर बसला.

एकतीस वर्षं तो औरंगाबादेतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होता. बरण्या पुसता पुसता त्यानं नावं पाठ केली, मग रविवारी सरांबरोबर रानात जायला लागला, आणि हळूहळू सरच त्याला विचारायला लागले, रामकिसन, हा कुठला चंडोल? दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि थेट खडकवस्तीवर येऊन राहिला. बायको आधीच गेली होती, मुलगी पुण्यात. शहरातल्या खोलीत त्याचं काही उरलं नव्हतं. इथं माळ होता.

माळ म्हणजे लोकांच्या लेखी पडीक. आजोबा सांडूआबांनी रझाकारांच्या दिवसांत बायकापोरं याच माळाच्या घळीत लपवली होती, आणि पोलीस अॅक्शन झाल्यावर ती माणसं घळीतून बाहेर आली, तेव्हा आबा म्हणाले होते म्हणे, की ही जमीन कधी नांगरू नका, हिनं आपल्याला पोटात घेतलं. थोरल्या भावानं, तात्यांनी, एवढं एक मात्र पाळलं. बाकी सगळीकडून माळ खाल्ला जात होता. पूर्वेला बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीचे चौपदरी रस्ते आले, त्यावर रात्रभर दिवे. उत्तरेला मुरमाच्या खाणी. रामकिसनच्या तरुणपणी इथं साठ-साठ काळविटांचा कळप उधळायचा. यंदा त्यानं अकरा मोजले. थंडीत संध्याकाळी गवतात उतरणारे भोवत्या पक्षी चाळीसवरून नऊवर आले. तणमोराची उडी त्यानं शेवटची कधी पाहिली, ते सालही आता त्याला सांगता येत नव्हतं. जवळचं माणूस खंगत जाताना रोज उशाशी बसावं, तसा तो माळावर येऊन बसत असे. पण त्या सगळ्याला कुणाचं तोंड नव्हतं. रस्त्याला शिव्या कशा घालायच्या? दिव्यांवर कोणाची तक्रार करायची?

या मरणाला मात्र तोंड होतं. आणि ते घरातलं होतं.

वस्तीकडे जाताना त्याच्या मनात एकच नाव येत होतं, पुतण्याचं. बद्रीनाथ.

*

वस्तीवर मांडव पडला होता. बद्रीनाथच्या पोराचं जावळ होतं. मुकुंदवाडीहून पोराचा मामा आला होता, न्हावी दगडावर वस्तरा घासत बसला होता, आणि गंगापूरची सारजाबाई जीपमधून उतरून पदरानं घाम पुसत होती. ती तात्यासाहेबांहून लहान, रामकिसनहून मोठी, आणि दोघांनाही रागावू शकणारी एकुलती एक बहीण.

"काय रे, असा काहून दिसतो?" तिनं रामकिसनला पाहिल्याबरोबर विचारलं. "रातभर झोपला न्हाईस का?"

"अक्का, तात्याला आन् बद्रीला धान्याच्या खोलीत बोलव. तू बी ये."

खोलीत ज्वारीची पोती आणि मांडवाच्या उरलेल्या कनाती होत्या. तात्यासाहेब पोत्यावर बसले. सत्तरी उलटली तरी त्यांचा फेटा कधी सैल दिसायचा नाही. बद्रीनाथ दाराशी उभा राहिला, हातात मोबाइल. तो वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि आज त्यानं मोठ्या मुश्किलीनं सुट्टी काढली होती.

रामकिसननं सांगितलं. लांडगीण, कुत्रं, घार, चांदणी. शेवटी म्हणाला, "बद्री, तू घातलं का औषध?"

"मी?" बद्रीनाथचा आवाज चढला. "काका, परवापासून मी सेकंड शिफ्टला होतो. विचारा कुणालाबी."

"मंग चांदणी ओढ्यात कशी गेली? चालत?"

"मला काय माहीत!"

"हळू बोला," तात्यासाहेब म्हणाले. "भायेर पाव्हणे हायेत. मेला तर मेला लांडगा. त्यानं सात शेरडं खाल्ली, कुणी रडलं का? तू एवढा कशापायी घाबरा झालास?"

"तात्या, म्या कारभारीला फोन केलाय. ते लोक निघालेत."

बाहेर कुणीतरी हलगीवर टिपरू आपटून बघत होतं.

"फोन केला," तात्यासाहेब सावकाश म्हणाले. "घरच्या जावळाच्या दिवशी. घरात कुणाला न इचारता."

"तवा मला ठाऊक नव्हतं आपली शेळी हाय म्हून."

"आन् ठाऊक असतं तर?"

 

"ही केस लई बेकार असते," बद्रीनाथ म्हणाला. "आमच्या कारखान्यात बोर्डच लावलाय. लांडगा मारला की तीन वर्षांच्या आत सुटका नाय. ज्याच्यावर नाव येईल त्याची नोकरी खल्लास."

"कुणाचंबी नाव येनार नाय," तात्यासाहेब म्हणाले. "फकिराच्या मेंढ्या माळाला लागूनच बसल्यात. लांडग्याचा तरास धनगरालाच जास्त. त्यानं घातलं असंल. आपण एवढंच म्हणायचं."

"त्याचं सवताचं कुत्रं मेलंय, तात्या."

"चुकून खाल्लं असंल. आपल्याला काय ठाव? बाहेरगावचा माणूस. चार दिवस चौकशी करतील आन् सोडतील."

"न्हाई सोडत," रामकिसन म्हणाला. "त्याच्या मागं उभं राहाया कोण हाय?"

सारजाबाई इतका वेळ कनातीवर टेकून ऐकत होती. "रामकिसन, तात्या चूक बोलत न्हाई," ती म्हणाली. "घर आधी. तुझा लांडगा काय आता उठून बसनार हाय का? पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस बाबा."

"आत्या, मी केलंच नाय तर माझ्या पोटावर—"

"तू केलंस असं कुठं म्हणते मी!"

बोलता बोलता बद्रीनाथचा आवाज मात्र खाली आला होता. ज्या सकाळी वाडग्यात रक्ताचा चिखल झाला होता, त्या सकाळी तोच मोठ्यानं बोलून गेला होता: मेलेलं जनावर टाकायचं, कपाशीचं औषध मारायचं, दोन दिवसांत सगळे लांडगे साफ. वैतागानं बोलला आणि कामाला निघून गेला. ते ऐकायला तेव्हा तिथं एकच माणूस उभं होतं. आत्ता हे त्याला आठवलं, आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

*

भिंतीच्या पलीकडे चूल होती. तात्यांची बायको मनकर्णाबाई भाकरी थापत होती आणि एकेक शब्द तिला ऐकू येत होता.

पंधराव्या वर्षी ती या घरात आली. जमीन तात्यांच्या नावावर, घर तात्यांच्या नावावर, विहिरीची मोटरसुद्धा. शेळ्या तेवढ्या तिच्या. पहिली पाठ, कोवळी शेळी, तिनं माहेराहून आणली होती आणि एकावन्न वर्षांत तिचा वंश तुटू दिला नव्हता. चांदणी त्याच वंशातली. पाच दिवस तिच्या नरड्यावर हळद आणि लिंबाचा पाला बांधून मनकर्णाबाई वाडग्यात झोपली होती. सहाव्या दिवशी पहाटे चांदणीनं तिच्या मांडीवर मान टाकली. तेव्हा मनकर्णाबाईला रडू आलं नाही. डोकं एकदम थंड झालं. तिनं गाडग्यात औषध कालवलं आणि चांदणीला ओढ्यात नेऊन टाकलं.

पण फकिराचं नाव आलं, आणि तिची भाकरी परातीतच फाटली. फकिराची बायको सकाळीच तिच्याकडून मीठ घेऊन गेली होती.

ती उठली, हात धुतले, आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"म्या घातलं," ती म्हणाली. "धनगराला मधी ओढू नका."

तात्यासाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ही बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "बद्रीची माय, तू आत जा. तुला काय कळतं..."

"औषध किती घालायचं ते बराबर कळलं की मला."

रामकिसन उठून उभा राहिला. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी ही घरात आली आणि तिनं त्याला न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं, गोवर निघाला तेव्हा उचलून दोन कोस दवाखान्यात नेलं. त्याच्या तोंडून फक्त एवढंच निघालं, "वहिनी, तुम्ही? तिला पिल्लं होती हो."

"माझ्या दोन बी गाभण होत्या, भावजी."

तो परत खाली बसला.

"त्या दिवशी सकाळी तुम्ही आलात वाडग्यात," मनकर्णाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त जड जात होतं. "आलात, वाकून ठसे बघितले. पट्टीनं मोजले. फोटू काढला. म्हणालात, वहिनी, चार होते, एक मादी हाय. तुमच्या तोंडावर आनंद व्हता. म्या रक्तात उभी व्हते. मला एक शबुद विचारला न्हाई तुम्ही."

"वहिनी..."

"म्हणालात, कशाला हलवू नका, पंचनामा करून देतो, सरकार भरपाई देतं. म्या दोन दिवस गिधाडावानी बसून राह्यले मढ्यांपाशी. वास सुटला. तुम्ही कुठं व्हता?"

रामकिसनला कुठं होता ते आठवत होतं. नाथसागरावर पक्ष्यांची गणना होती. दोन दिवसांसाठी गेला आणि तीन दिवस राहिला. हजारो बदकं उतरली होती. पंचनाम्याची गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती.

"इसरलो," तो म्हणाला. "म्या इसरलो, वहिनी."

सारजाबाईनं पदर तोंडाला लावला. मघाशी ती तात्यांच्या बाजूला बसली होती. आता उठून मनकर्णाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आता कोणी काही बोलू नका," ती म्हणाली. "वहिनी तुरुंगात जानार न्हाई आन् त्या गरिबाला बी धाडायचं न्हाई. आपल्याला ठावकी न्हाई म्हणायचं. बस्स. रामकिसन, तू बी."

"व्हय," बद्रीनाथ म्हणाला. "काका, हात जोडतो."

रामकिसननं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कुणालाच कळलं नाही.

*

जीप अकराच्या आधीच आली. कारभारी, त्याचे साहेब आणि ड्रायव्हर. साहेब ओढ्यात जाऊन आले, फोटो काढले, औषधाचा वास घेतला, आणि मग मांडवाशी येऊन थांबले. पाहुणे उठून कडेला झाले. न्हाव्यानं वस्तरा पेटीत ठेवला.

फकिराला त्यांनी माळावरूनच आणलं होतं. तो पन्नाशीचा, वाळका माणूस. खांद्यावरचं घोंगडं त्यानं हातात घेतलं होतं.

"माझं कुत्रं मेलंय सायेब," तो पुनःपुन्हा सांगत होता. "सात वर्साचं कुत्रं. म्या कशाला जहर घालीन? सवताच्या कुत्र्याला कोन मारतं?"

"शेळी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

तात्यासाहेब पुढे झाले. "आमचीच व्हती. मेली म्हणून माळावर फेकली. पुढं तिच्यात कुणी काय कालवलं, आम्हाला कसं कळणार? मेंढ्या यांच्या बसल्यात तिथं."

साहेबांनी फकिराकडे पाहिलं. "जीपमध्ये बस. ऑफिसात बोलू."

"सायेब, मेंढ्या एकल्या हायेत. बाई एकली हाय..."

"बस म्हटलं ना."

कारभारी रामकिसनच्या जवळ आला. वर्षभर दोघं एकत्र माळ फिरले होते. गेल्या पावसाळ्यात फासेपारध्यांची जाळी दोघांनी मिळून उचलली होती. "काका," तो हळूच म्हणाला, "मला काही हे पटत नाही. धनगर असं करत नाहीत. तुम्हाला काही माहिती आहे का?"

रामकिसनचं तोंड उघडलं. समोर फकिरा जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून त्याच्याकडेच बघत होता. मागं मांडवात वहिनी उभी होती, तिच्या कडेवर नातू. जन्मभर तो लोकांना सांगत आला होता, की जनावराला बोलता येत नाही, म्हणून आपण बोलायचं. आता बोलायची पाळी आली, आणि तो गप्प उभा होता. क्षण गेला. दुसरा गेला. फकिरानं मान खाली घातली आणि दुसरा पाय उचलला.

"कारभारी, थांब," रामकिसन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "फकिराला उतरव. औषध..."

"औषध म्या घातलं."

मनकर्णाबाईनं नातवाला सारजाबाईकडे दिलं आणि मांडवातून बाहेर आली. सगळ्या पाहुण्यांच्या देखत ती जीपपर्यंत चालत गेली. रामकिसनच्या जवळून जाताना ती फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "तू नको बोलू, रामा. तुझ्या तोंडून निघालं असतं तर जल्मभर तुलाच टोचलं असतं."

कितीतरी वर्षांनी ती त्याला रामा म्हणाली होती.

"सायेब, सात शेळ्या गेल्या माझ्या," ती साहेबांना म्हणाली. "राग आला. घातलं. त्या मानसाला सोडा."

साहेब गोंधळले. त्यांच्या समोर सहासष्ट वर्षांची, कपाळभर कुंकू लावलेली बाई उभी होती आणि मागं शंभर माणसांचा मांडव. "आजी, तुम्हाला कळतंय का काय कबूल करताय?"

"कळतंय. बयान लिहून घ्या."

"माझं बी लिहा," रामकिसन म्हणाला. "पंचनाम्याचं म्या कबूल केलं व्हतं आन् इसरलो. तो वेळेवर झाला असता तर हे झालं नसतं. लिहून घ्या."

बद्रीनाथ मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. पुढं व्हावं, म्हणावं, की हे बोलणं माझं होतं, मायनं फक्त केलं, असं त्याला वाटलं. पाय निघाला नाही. बायकोनं त्याचा हात धरला होता आणि त्यानं तो सोडवून घेतला नाही. ते तो पुढं कधी विसरला नाही.

तात्यासाहेब घरात गेले. सगळ्यांना वाटलं, रागानं गेले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बायकोची शाल आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी होती. ती त्यांनी रामकिसनच्या हातात दिली. तोंडाकडे न बघता.

"एक सकाळी, एक रातीला," ते म्हणाले. "जेवल्यावर."

*

ओढ्यापाशी जीप थांबली. लांडगिणीला तपासणीसाठी शहरात न्यायचं होतं. कारभारी आणि ड्रायव्हरनं तिला ताडपत्रीवर घेतलं. साहेबांनी मनकर्णाबाईला जागा दाखवायला खाली उतरवलं होतं, म्हणून तिनं ते जवळून पाहिलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जनावर लहान होतं. मग ताडपत्री उचलताना अंग कलंडलं आणि पोट वर आलं.

मनकर्णाबाई उभ्या जागी थबकली. एकावन्न वर्षं शेळ्यांच्या धारा काढलेली बाई. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"किती दिसांची हायेत पिल्लं?" जीप सुरू झाल्यावर तिनं विचारलं.

"महिन्याच्या वर," रामकिसन म्हणाला. "वरच्या घळीत. चार."

"खाया लागलीत का?"

"नुकतीच."

बिडकीनचा फाटा मागं पडला. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वसाहतीच्या लांबलचक भिंती सुरू झाल्या. मागं ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती.

"शेळीचं दूध घातलं तर?" ती म्हणाली. "माझ्या चार उरल्यात. एक दुभती हाय."

"हात लावायचा नसतो, वहिनी. बाप हाय. तो खाऊन येतो आन् पोटातलं काढून घालतो त्यांना."

"बाप?"

"व्हय."

"जगतील?"

रामकिसनला खोटं बोलता आलं असतं. "समदी न्हाई," तो म्हणाला.

तिनं शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि खिडकीकडे तोंड केलं. ऑफिसात कागदावर सही करताना तिनं पेन घट्ट धरलं आणि सावकाश, सगळे काने-मात्रे देऊन, पूर्ण नाव लिहिलं. सही करायला रामकिसननंच तिला शिकवलं होतं, पाचवीत असताना.

*

दुसऱ्या दिवशी कोर्टानं वय पाहून जामीन दिला. खटला उभा राहिला आणि तारखा पडू लागल्या. वकिलानं सांगितलं, वर्षं जातील. जावळ मात्र त्याच दिवशी झालं होतं. सारजाबाईनं न्हाव्याला उठू दिलं नाही, मामाच्या मांडीवर पोर बसवलं आणि कुणी हलगी वाजवली नाही तरी केस उतरवून घेतले. जेवणं झाली. पाहुणे कुजबुजत निघून गेले.

चौथ्या दिवशी फकिरानं तळ हलवला. रामकिसन त्याला गाठायला माळावर गेला. घोड्यावर बिऱ्हाड बांधून झालं होतं.

"फकिरा, माफी मागायची व्हती."

"तुमच्या वहिनीनं मागितली कालच," फकिरा म्हणाला. "इथवर चालत आली व्हती." त्यानं दोरीची गाठ आवळली. "तुम्ही बोलले शेवटाला. पन आधी गप व्हता. म्या बघत व्हतो तुमच्याकडं." एवढं बोलून त्यानं मेंढ्यांना हाक घातली. पुढच्या वर्षी तो या शिवारात मेंढ्या बसवायला आला नाही.

तात्यासाहेब रामकिसनशी बोलेनासे झाले. त्यांनी घरात सांगून टाकलं, की त्यानं आपली चूल वेगळी मांडावी. त्या संध्याकाळी मनकर्णाबाईनं दोन ताटं वाढली, एक नवऱ्यापुढं ठेवलं, दुसरं घेऊन रामकिसनच्या खोलीत गेली आणि तो जेवून होईस्तोवर तिथंच बसली. दुसऱ्या दिवशीही. आठवड्यानं तात्यासाहेबच म्हणाले, "किती खेटे घालशील? इथंच वाढ त्याला." बोलणं मात्र त्यांनी चालू केलं नाही.

बद्रीनाथ एका रविवारी कारभारीचा नंबर मागायला काकाकडे आला. वस्तीवरच्या आणि शेजारच्या तिन्ही वस्त्यांवरच्या शेळ्यांची यादी त्यानं केली होती. जनावर मारलं गेलं तर त्याच दिवशी कळवायचं काम त्यानं अंगावर घेतलं.

माळावर रामकिसन रोज जात होता. पण आता जाण्याआधी वाडग्याशी थांबायचा. कुठली शेळी किती दूध देते, कुठली लंगडते, कुठलीला कोणत्या नावानं हाक मारायची, हे त्यानं वहिनींकडून शिकून घेतलं. साठ वर्षांत पहिल्यांदा.

चैत्रात एका पहाटे मनकर्णाबाई आपणहून चपला घालून उभी राहिली. "चला," ती म्हणाली. "म्या बी येते."

दोघं घळीच्या समोरच्या चढावर, बोराटीच्या आडोशाला बसले. गवत वाळून पिवळं झालं होतं. चंडोल वर वर चढत गात होता. तांबडं फुटता फुटता घळीच्या तोंडाशी काहीतरी हललं. दोन पिल्लं बाहेर आली. चारांतली दोनच उरली होती. लांब पायांची, मोठ्या कानांची, एकमेकांच्या शेपट्या ओढणारी. थोड्या वेळानं नर आला. बरगड्या दिसत होत्या. पिल्लांनी त्याच्या तोंडाला तोंड लावलं, तसा तो मान खाली घालून आचके देऊ लागला आणि त्यानं पोटातलं त्यांच्यापुढं टाकलं. स्वतः बाजूला बसला. वसाहतीच्या दिशेला तोंड करून, कान टवकारून.

मनकर्णाबाई कितीतरी वेळ बघत राहिली. रामकिसननं तिच्याकडे पाहिलं नाही.

"मोठी झाली की माझ्याच वाडग्यात येतील ही," शेवटी ती म्हणाली.

"येतील."

"काट्यांचा कूप कमरेएवढाच हाय. उडी मारून येतात."

"पुरुषभर केला तर न्हाई येता येत. वरून बी बोराटी घालावी लागंल."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. लुगड्याला चिकटलेलं कुसळ काढून टाकलं.

"मंग बसलात काहून?" ती म्हणाली. "चला. उन्हं चढायच्या आत काटे तोडू."

रामकिसन उठला आणि तिच्या मागोमाग उतरू लागला.